पिंजऱ्याची जागा

शेरीवाडी, ता. जुन्नर
२ जून २०२४

प्रिय अमृतास,

सप्रेम जय भीम. पत्र बघून दचकू नकोस. माहेरी आण्याला जाऊन आप्पांना भेटून आले, बरे आहेत. खोकला आहे, पण बिडी सोडत नाहीत, म्हणजे बरेच म्हणायचे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोन ह्यांच्या खिशात असतो. तहसीलला, पंचायत समितीला, वनखात्याला, सगळीकडं सरपंच म्हणून नंबर माझाच दिलेला आहे. उचलतात मात्र हे, आणि "हां, बोला, सरपंच बोलतोय" म्हणतात. तुझा फोन आला की स्पीकरवर टाकतात. शेजारी सासूबाई, पोरं, गॅरेजला आलेलं गिऱ्हाईक. त्यात मी काय बोलणार? म्हणून नारायणगावला बाजाराला गेले की हे पोस्टात टाकीन.

मंगळवारी कपिलची शेळी बिबट्यानं नेली. कपिल म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, त्याची नि आमची भिंतीला भिंत. ह्या उन्हाळ्यातली ही दुसरी शेळी. आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या कडेला, तुला माहीतच आहे. ऊस पार घरांच्या भिंतीला टेकलाय. तो ऊस उपसरपंच दादाभाऊंचा. पोरं शाळेला त्याच उसाच्या कडेनं जातात.

वनखात्याची बाई पंचनाम्याला आली तेव्हा मी तिथंच बोअरवर धुणं धूत होते. तिनं विचारलं, "सरपंच कुठं आहेत?" हे म्हणाले, "बोला की, मीच." मी साबणाचे हात पुसून उभी राहिले होते. परत खाली बसले.

तीन वर्षं झाली सरपंच होऊन. खुर्चीवर बसते ती झेंड्याच्या दिवशी. कपिलची बायको वैष्णवीपण सदस्य आहे. आम्ही दोघी जावा मीटिंगला कडेला बसतो, सह्या करतो आणि येतो. येताना तिची पोरगी आरोही वाटेत येऊन उभी असते. सहा वर्षांची आहे, आता पहिलीत जाईल. मला मोठीआई म्हणते. परवा विचारत होती, "मोठीआई, तू सरपंच हायेस तर बिबट्याला सांग ना, जा म्हणून."

ऊस भिंतीपासून थोडा मागं घ्यावा आणि शाळेच्या वाटेला दिवे लागावेत, एवढंच मला करायचंय. तुझ्याकडं म्हणे बायाच सगळं चालवतात. त्या कशा चालवतात, सुरुवात कुठनं करतात, ते लिही.

तुझी
आक्का


व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया
२५ जून २०२४

प्रिय आक्का,

जय भीम. तुझं पत्र मी ड्यूटीच्या आधी गाडीत बसून वाचलं आणि आत जायला उशीर केला. इथे आता कडाक्याची थंडी आहे. वृद्धाश्रमात माझ्याकडे एक पूर्ण विभाग दिलाय, बावीस म्हातारी माणसं. त्यातल्या एका आजी मला रोज विचारतात की तू कुठली, आणि मी रोज सांगते, जुन्नरची.

बायाच सगळं चालवतात हे खरंही आहे आणि नाहीही. आमच्या शहराची महापौर बाई आहे. हॉस्पिटलची मुख्य बाई आहे. दुधाच्या मोठ्या कारखान्याची मालकीणही बाईच. मला सगळ्यांत आवडते ती वणवा विझवणाऱ्या गावकऱ्यांच्या पथकाची कप्तान. एरवी बेकरी चालवते, आणि उन्हाळ्यात आग लागली की चाळीस पुरुष तिच्या शब्दावर धावतात. पण वर बसलेल्या ह्या बहुतेक गोऱ्या, आक्का. आमच्यासारख्या बायका त्यांच्या इमारतींत काम करतात. म्हणूनच मी एक उद्योग केलाय. ऑक्टोबरमध्ये इथल्या नगर कौन्सिलची निवडणूक आहे आणि मी उभी राहतेय. हसू नकोस.

त्यासाठी दर शनिवारी बायकांच्या एका वर्गाला जाते. हेलन नावाची माजी महापौर शिकवते. तुझं पत्र मी तिला भाषांतर करून ऐकवलं. ती म्हणाली, तुझ्या बहिणीनं सगळ्यात आधी तो फोन परत घ्यावा. पुढच्या मीटिंगला कुणी बसायच्या आत खुर्चीवर जाऊन बसावं. आणि तिनं आणखी एक सांगितलं, ते मी माझ्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. तुझा पहिला मोठा निर्णय असा घे, की ज्यांनी तुला मत दिलं नाही त्यांनाही वाटावं ही आपली माणूस आहे. वस्तीची सरपंच होऊ नकोस. गावाची हो.

राजरत्न दाजींशी भांडू नकोस. ते वाईट नाहीत, त्यांना सवय झालीय इतकंच.

तुझी
अमृता


शेरीवाडी
६ ऑगस्ट २०२४

प्रिय अमृता,

सप्रेम जय भीम.

फोन माझ्याकडं आहे. आता कसा घेतला ते ऐक. जेवायला वाढताना मी म्हणाले, "माझा फोन द्या."

"कशाला?"

"सरपंच मी हाय."

हे हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून थांबले. "लोक काय म्हणतील गं? राजरत्नच्या बायकोनं फोन काढून घेतला म्हणतील."

"म्हणू द्या. तुमी गॅरेज बघा."

ताट तसंच ठेवून हे उठले. बोलणं बंद. दोन दिवसांनी गुपचूप चार्जर आणून माझ्या उशाशी ठेवला.

खुर्चीचं पण केलं. मासिक सभेला सगळ्यांच्या आधी गेले आणि बसले. दादाभाऊ आले, दारात थबकले, म्हणाले, "बसा की ताई, बसा, तुमचीच हाय." जणू त्यांनीच दिली. वैष्णवी कडेला बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

आता मोठी गोष्ट. वनखात्यानं पिंजरा दिला. एकच. सगळ्या तालुक्याचं मागणं असल्यानं दुसरा लगेच मिळायचा नाही. वनरक्षक बाई आली. बारकीशी पोरगी आहे, घरी तान्हं बाळ आहे तिला. म्हणाली, "मॅडम, ठसे तर ओढ्याला तुमच्या वस्तीकडं आहेत. पण जागेचं पत्र ग्रामपंचायतीनं द्यायचं."

गावात लगेच सुरू झालं, की आता सरपंचबाई पिंजरा आपल्याच दारात नेणार. दादाभाऊंच्या मळ्यात बिबट्या ओट्यावर येऊन गेला होता, कॅमेऱ्यात दिसला. त्यांचा नातू त्याच ओट्यावर खेळतो. दादाभाऊ आमच्या घरी आले. अमृता, आमच्या घरी! एवढ्या वर्षांत ओट्याखाली उभं राहून बोलायचे. आत आले, खाटेवर बसले, मी केलेला चहा प्याले. म्हणाले, "ताई, पिंजरा मळ्यात लावा. दिव्यांच्या ठरावाला माझी सगळी माणसं हात वर करतील. औंदा तोड झाली की ऊसबी मागं घेतो. शब्द देतो."

ते गेल्यावर वैष्णवी आली. "ताई, शेळ्या आपल्या गेल्या की गं. दोन्ही."

"पंधरा दिवस तिकडं ठिवू, मग हिकडं आणू," मी म्हणाले.

"तुला जे बरं वाटंल ते," म्हणाली.

मला तुझं पत्र आठवत होतं. वस्तीची नको, गावाची हो. मी मळ्याचं पत्र दिलं. आणि काल दिव्यांचा ठराव झाला, अमृता. सगळे हात वर. वैष्णवीचा पण. ज्या माणसांनी कधी मान वर करून बघितलं नाही ती बाहेर पडताना "येतो सरपंच" म्हणाली. घरी येताना चप्पल तुटली तरी अनवाणी चालत आले, कळलंच नाही.

हेलनबाईंना माझा जय भीम सांग.

तुझी
आक्का


व्हिक्टोरिया
२८ ऑगस्ट २०२४

प्रिय आक्का,

जय भीम! तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग एक गोष्ट तुला न विचारता केली, ती ऐकून रागावू नकोस.

शनिवारी इथल्या टाऊन हॉलमध्ये बायकांचा मोठा मेळावा होता. धंदा करणाऱ्या, सरकारात असलेल्या, वस्त्यांत काम करणाऱ्या, दोनेकशे बायका. उमेदवार म्हणून मला थोडा वेळ बोलायचं होतं. माझं लिहिलेलं भाषण मी बाजूला ठेवलं आणि तुझी गोष्ट सांगितली. साबणाचे हात, फोन, चार्जर, खुर्ची. आणि शेवटी पिंजरा. माझ्या बहिणीच्या दारातल्या शेळ्या गेल्या होत्या, तरी जे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरचं पाणी पीत नव्हते त्यांच्या नातवासाठी तिनं पिंजरा तिकडे दिला, असं सांगितलं. आक्का, सगळा हॉल उठून उभा राहिला. ती बेकरीवाली कप्तान रडत होती. महापौरांनी माझा हात हातात घेतला.

इथल्या पेपरात माझा फोटो आलाय, आणि खाली तुझं नाव आहे. कात्रण सोबत पाठवतेय. तुला इंग्रजी वाचायचा कंटाळा, म्हणून तुझ्या नावाखाली रेघ मारलीय.

बिबट्या सापडला का? लगेच कळव. लोक मला दुकानात थांबवून विचारतात.

तुझी
अमृता


व्हिक्टोरिया
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय आक्का,

महिना उलटला, तुझं पत्र नाही. फोन लावते तर बंद. दाजी उचलत नाहीत. आप्पांना विचारलं, ते म्हणाले, "बरी हाय गं, कामात हाय, तू तुजं इलेक्शन बघ," आणि खोकल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

मी समजू शकते. सरपंचबाईंना आता वेळ कुठला! खरं सांगू, मला थोडी मजाच वाटली. आपली आक्का, जिला आण्याच्या टेकडीवर एकटीला जायची भीती वाटायची, ती आता इतकी कामात आहे की बहिणीला दोन ओळी लिहायला फुरसत नाही.

इथे मतदान टपालानं होतं. कागद पुढच्या आठवड्यात घरोघर जातील. मी दारोदार फिरते. एका घरी म्हातारबुवा दार उघडून म्हणाले, "अच्छा, ती वाघवाल्या बहिणीची बहीण!" वाघ नव्हे, बिबट्या, असं सांगत बसले नाही.

दोनच ओळी लिही.

अमृता


शेरीवाडी
१६ ऑक्टोबर २०२४

अमृता,

आरोही गेली.

तुला हे आधी कळवायला हवं होतं. आप्पांना मीच सांगू नका म्हणाले होते. तुझी निवडणूक होती म्हणून, आणि लिहायला बसले की हात चालत नव्हता म्हणूनही.

दहा सप्टेंबरची गोष्ट. पंधरा दिवसांनी पिंजरा वस्तीत आणायचा असं मी वैष्णवीला म्हणाले होते. पंधराचे तीस झाले. मी दोनदा विषय काढला. दादाभाऊ म्हणाले, "कालच कुत्री भुकत व्हती ताई, एवढ्यात नका हलवू." मी बरं म्हणाले. दिव्यांचे खांब यायचे होते. मला वाटलं, खांब उभे राहूदेत, तोवर त्यांना दुखवायला नको.

त्या दिवशी खांब आले. मी ग्रामपंचायतीच्या दारात उभी राहून ते उतरवून घेत होते. दिवस मावळत होता. माझा फोन वाजला. मीच उचलला. पलीकडं वैष्णवी होती, पण शब्द नव्हते, नुसता आवाज. मला वाटलं, भाजलं की काय तिला चुलीवर.

ती भाकरी थापत होती. आरोही दारातच होती, उंबऱ्यापासून हातभर अंतरावर, पाटीवर काहीतरी लिहीत. आईशी बोलता बोलता गप्प झाली. वैष्णवीनं वळून बघितलं तर पाटी होती, ती नव्हती. ऊस हलत होता.

मी पळत आले तोवर कपिल आणि सगळी माणसं उसात शिरली होती. हे पण होते. बॅटऱ्या, काठ्या, कुणाच्या हातात वाजवायला ताट. तिला बाहेर आणली ती ह्यांनीच, आपल्या शर्टात गुंडाळून. मला म्हणाले, "तू नको बघू." मी बघितलं. मला बघायलाच पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी त्रिसरण, पंचशील झालं. दादाभाऊ आले होते. खोटं रडले नाहीत, खरंच रडले. मग लोकांनी हायवे अडवला, नेते आले, कॅमेरे आले. जे पिंजरे मिळत नव्हते ते आठ आले. एक वस्तीत लावला, ओढ्याकाठी, वनरक्षक बाईनं पहिल्या दिवशी दाखवली होती त्याच जागेवर. आठवडाभरात मादी सापडली. त्याच जागेवर, अमृता. मळ्यातल्या पिंजऱ्यात एवढ्या दिवसांत एक कुत्रं सापडलं होतं.

तुझं टाळ्यांचं पत्र आणि कात्रण आरोही जाऊन आठवडा झाला तेव्हा आलं. पोस्टमननं ते वैष्णवीच्या समोर माझ्या हातात दिलं. मी उघडलं. फोटोत तू हसत होतीस.

वस्तीत आमच्या घरी कुणी येत नाही. बाया पाण्याला येतात आणि मी गेले की हंडा अर्धा टाकून जातात. चांगदेव आमच्या वस्तीचा तिसरा सदस्य आहे. तो चौकात म्हणाला, "दादाभाऊंनी एक कप चहा पिला आन हिनं आमची पोर दिली." कुणी त्याला गप्प केलं नाही.

तुला हे टोचून लिहीत नाही. तू चांगल्यासाठीच सांगितलं होतंस. जागा मी ठरवली.

आक्का


व्हिक्टोरिया
५ नोव्हेंबर २०२४

आक्का,

चार वेळा लिहायला बसले आणि फाडलं.

मी निवडून आले. ज्या दिवशी निकाल लागला त्याच दिवशी संध्याकाळी तुझं पत्र पेटीत होतं. घरात लोक होते, केक होता. मी बाथरूममध्ये जाऊन वाचलं आणि नळ सोडून बसले. बाहेरून कुणीतरी माझ्या नावानं गाणं म्हणत होतं.

वैष्णवीला मी काय लिहू? ती मला ओळखत नाही. तिच्या घरावरनं, तिच्या शेळ्यांवरनं मी टाळ्या मिळवल्या आणि मतंही. ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. तुला पाठवताना मला वाटलं, मी तुला केवढं मोठं काहीतरी देतेय. आक्का, मी ओढा बघितलाय, ऊस बघितलाय, लहानपणी तुझ्याकडे येऊन महिनामहिना राहिलेय. हेलनला काही माहीत नव्हतं. मला होतं.

आप्पांकडून कळलं की सरकारी चौकशी लागलीय आणि तुझ्यावर अविश्वास ठराव येतोय. मी इथल्या एका वकीलबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, चौकशी पुरी होईपर्यंत जबाबदारी अंगावर घेणारं एक अक्षरही बोलायचं नाही. मी तुझ्या पाया पडते, तू "जागा मी ठरवली" असं कुठंही म्हणू नकोस. पिंजरा वनखात्याचा होता. जागा ठरवणं त्यांचं काम. तेवढंच म्हण. किंवा आधीच राजीनामा दे आणि आण्याला आप्पांकडे जाऊन राहा. मी तिकीट पाठवते, इकडे ये काही महिने.

आणखी एक. पुढच्या महिन्यात नव्या सदस्यांचा कार्यक्रम आहे. महापौरांनी मला निरोप दिलाय की तुमच्या बहिणीची गोष्ट पुन्हा सांगा, ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी. त्यांना पुढचं काही माहीत नाही. मी नाही म्हणू का? आजारी आहे म्हणून सांगू का? तू सांगशील ते करते.

अमृता


शेरीवाडी
१० डिसेंबर २०२४

प्रिय अमृता,

सप्रेम जय भीम.

ठराव झाला. मी आता सरपंच नाही. कसं झालं ते सगळं लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्याकडनं कळायला नको.

सभेच्या आधी दादाभाऊ आले. ह्या वेळी ओट्याखालीच उभे राहिले. म्हणाले, "ताई, मला तुमचं वाईट करायचं न्हाई. लोक लई तापल्यात, कुणाचं तरी नाव घेतल्याबिगर थंड व्हणार न्हाईत. तुमी एवढंच लिहून द्या, का जागा वनरक्षक बाईनं ठरवली. ठराव मी मागं घेतो."

"आन तिचं?"

"तिची बदली व्हईल, न्हाईतर घरी बसंल. ती काय आपल्या गावची हाय?"

हे आत होते. दादाभाऊ गेल्यावर मला म्हणाले, "दे की लिहून, अंजना. अमृताबी तेच म्हणतीय ना?" तुझं पत्र त्यांनी वाचलं होतं. त्या पोरीनं ओढ्याकाठी उभं राहून मला ठसे दाखवले होते. बोट लावून दाखवले होते.

सभेच्या आदल्या दुपारी वैष्णवी मागच्या दारानं आली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. वाळली आहे. खाली बसली. मी पाणी दिलं, तिनं घेतलं, पण तांब्या हातातच धरून ठेवला.

"ताई, एक इचारते. लई जण मला सांगत्यात, का तिचं आयुष्यच तेवढं व्हतं. भन्तेजीबी म्हणले, धीर धर. तू सांग. पिंजरा हितं असता तर आरू असती का?"

हे तिच्या मागं उभे होते. मला मान हलवून नको नको म्हणत होते.

अमृता, मला खोटं बोलता आलं असतं. कोण सांगू शकतं, असं म्हणता आलं असतं. तेवढ्यानं तिला पण बरं वाटलं असतं कदाचित. पण ती मला एकटीलाच विचारायला आली होती.

"असती," मी म्हणाले.

"मग का न्हाई ठिवला?"

"मला सगळ्यांची सरपंच व्हायचं व्हतं. तुला मी धरूनच चालले व्हते, तू कुठं जाणार व्हतीस? म्हणून तुला थांबीवलं."

ती पाणी प्यायली, तांब्या धुऊन पालथा ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तहसीलदार आले. ठराव व्हायला नवांपैकी सात हात लागतात. सहा ठरलेले होते, त्यात चांगदेवचा पण. माझा नाही आणि म्हाताऱ्या भागूबाईंचा नाही. सातवा वैष्णवीचा. सगळं गाव खिडक्यांना.

तहसीलदारांनी विचारलं, "तुम्हाला काही बोलायचंय?"

मी उठले. "पिंजऱ्याची जागा मी ठरवली. वनरक्षक बाईंनी वस्तीची जागा दाखवली व्हती, ती मी मानली न्हाई. दादाभाऊंनी मळ्यात मागितला. त्यांचा नातू हाय, त्यांनी मागावाच. द्यायचा का न्हाई ते माझ्या हातात व्हतं. आन पंधरा दिवसांत हलवते म्हणून हलवला न्हाई, तेबी मीच."

दादाभाऊ खाली बघत होते. तहसीलदारांनी विचारलं, "हे असंच लिहून घेऊ?" मी हो म्हणाले.

मग हात. सहा वर गेले. वैष्णवी मांडीवर हात ठेवून बसली होती. माझ्याकडं बघितलं. मग तिनं पण वर केला. हळूच नाही, पुरा वर केला, वर्गात करतात तसा, आणि तहसीलदारांनी मोजेपर्यंत खाली घेतला नाही.

मला राग आला नाही. हे खरं लिहिते. तिनं मला विचारून, ऐकून मग हात वर केला. आजवर मला जे हात मिळाले त्यांत असा एक नव्हता.

तू ये म्हणतेस, मी नाही येत. इथून आत्ता गेले तर कधीच परत येता येणार नाही. कार्यक्रमाचं विचारलंस. हे पत्र तोवर पोचेल का माहीत नाही. पोचलं तर जा आणि गोष्ट सांग. आरोहीचं नाव घेऊन सांग. पिंजरा मी तिकडं दिला, तिथं थांबू नकोस. पुढं काय झालं ते पण सांग, आणि ते वाक्य कुणी दिलं होतं तेही. टाळ्या वाजणार नाहीत. तुझं त्या बायांत कसं होईल मला ठाऊक नाही. पण तू आता त्यांची निवडलेली माणूस आहेस, त्यांच्यापाशी खोटं धरून किती दिवस बसशील?

आता शेवटचं. सभा संपली तेव्हा दिवस कलला होता. हे चांगदेवशी भांडत मागं राहिले. मी एकटीच निघाले. फाटकात वैष्णवी उभी होती. मला वाटलं, कपिलची वाट बघतेय. मी बाजूनं जायला लागले तर म्हणाली, "थांब. मीबी येते. ऊस हाय."

तोड अजून आमच्याकडं आलेली नाही. ऊस डोक्याच्या वर गेलाय. वाटेला खांब उभे आहेत, पण जोडणी झालेली नाही, दिवे बंदच. आता उसाच्या कडेनं कुणी एकटं जात नाही, आणि गप्प पण जात नाही. आवाज करत जायचं असतं. लोक मोबाईलवर गाणी लावतात, मोठ्यानं गप्पा मारतात. माझा फोन मी सभेतच टेबलावर काढून ठेवला होता, तिनं तिचा आणलाच नव्हता. आणि आम्हाला दोघींना एकमेकींशी बोलायला काही नव्हतं.

थोडं गेलो. उसात सळसळ झाली. वारा असेल. वैष्णवी थांबली. मग तिनं उसाकडं तोंड करून मोठ्यानं बेचा पाढा म्हणायला सुरुवात केली. बे एके बे. बे दुणे चार. पहिलीत तेवढाच शिकवलेला असतो.

मी पण म्हणायला लागले. संपला की परत पहिल्यापासून. अशा आम्ही वस्तीपर्यंत गेलो. ती तिच्या दारात वळली, मी माझ्या.

तुझी
आक्का